वाचकांचे प्रश्न: ताप तर गेला, मग गोळी कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार. लहान भाऊ पंधरा दिवस ताप अंगावर काढत होता, मग रक्त तपासलं तर फॅल्सिपॅरम मलेरिया निघाला. औषध सुरू झालं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्याच दिवशी आरोग्यसेविकेने प्रायमाक्विनची गोळी पण दिली. आई म्हणते, "ताप ते गया, आते गोयी कसाले खावानी?" आणि माझी पोरगी बीएस्सीला आहे ती म्हणते मलेरियाच्या जंतूत आरएनएला चिकटणारी प्रोटीन्स असतात त्यावर सगळं चालतं. म्हणजे काय? (चोपडा तालुका)

उत्तर: दादा, आईचा प्रश्न आणि पोरीचा प्रश्न एकच आहे बरं का. ताप आणणारे जंतू पहिल्या औषधाने मरायला लागले. पण इतके दिवस ताप अंगावर काढला की रक्तात दुसरे जंतू तयार होतात, स्लाइडवर बघितलं तर अगदी चंद्रकोरीसारखे बाकदार, त्यांना गॅमिटोसाइट म्हणतात. ते भावाला काही त्रास देत नाहीत, ताप नाही की थंडी नाही. ते फक्त डास चावायची वाट बघतात, आणि गोळी त्यांच्यासाठी असते, शेजारच्या घरातलं पोर वाचावं म्हणून.

आता ही वाट बघणं कसं चालतं ते सांगते, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. तुमच्याकडे केळी कशी पाठवतात? घड कच्चाच कापतात, कच्चाच गाडीत भरतात, दिल्लीला पोचला की तिकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात, कारण इथंच पिकला तर वाटेत सडेल. मादी गॅमिटोसाइट अगदी हेच करते. जनुकावरून प्रोटीन बनवायचं तर आधी एमआरएनए म्हणजे निरोपाची चिठ्ठी निघते आणि मग त्या चिठ्ठीवरून प्रोटीन बनतं. ही मादी डासाच्या पोटात लागणाऱ्या प्रोटीन्सच्या चिठ्ठ्या माणसाच्या रक्तात असतानाच लिहून ठेवते पण प्रोटीन बनवत नाही. पी२५ आणि पी२८ ही त्यातली दोन, पुढच्या अवस्थेच्या अंगावर बसणारी. चिठ्ठ्यांवर डोझी आणि सिथ नावाची प्रोटीन्स बसलेली असतात, पोरगी म्हणते ती आरएनएला चिकटणारी प्रोटीन्स हीच, ती चिठ्ठी वाचू पण देत नाहीत आणि फाटू पण देत नाहीत.

डासाने रक्त ओढलं की गरम अंगातून एकदम थंड जागी येणं आणि डासाच्या पोटातलं झँथुरेनिक ॲसिड, एवढ्यावर जंतूला कळतं की आपण पोचलो. नर तर दहा-पंधरा मिनिटांत आठ शेपटीवाले नरबीज सोडतो, एवढी घाई असते. मादीकडे नव्याने लिहायला वेळ कुठला, तिच्या जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या मोकळ्या होतात आणि कामाला लागतात.

हे नुसतं अनुमान नाही. २००६ मध्ये उंदरांच्या मलेरियाच्या जंतूतून डोझी काढून बघितलं तर किमान ३७० चिठ्ठ्या नष्ट व्हायच्या वाटेला लागल्या आणि डासात पुढची वाढच झाली नाही. उलट्या प्रवासात, डासाच्या लाळग्रंथीतून माणसात येताना, पफ२ नावाचं दुसरं प्रोटीन असाच ताबा ठेवतं. ते नसेल तर जंतू डासातच यकृतातल्या रूपाकडे बदलायला लागतो, म्हणजे घड गाडीतच पिकला म्हणायचं!

यावर औषध शोधणं सोपं नाही, कारण डोझीसारखं प्रोटीन आपल्या पेशीतही आहे. तोवर प्रायमाक्विनच. ती गरोदर बाईला देत नाहीत, आणि जी६पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एंझाइमची) कमतरता असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि भावाची राहिलेली औषधं पण अर्धवट सोडू देऊ नका.

प्रश्न: म्हशीला सर्रा झाला, ताप येतो जातो. हा पण मलेरियासारखाच का? माणसाला होतो का? (शहादा)

उत्तर: नाही भाऊ, सर्राचा जंतू वेगळा, ट्रिपॅनोसोमा नावाचा, डंख मारणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो. याच्यात जनुकं रांगेने असतात आणि अख्ख्या रांगेच्या चिठ्ठ्या एकदम निघतात, गावच्या फीडरवरून एका घराचाच बल्ब बंद करता येत नाही तसं. म्हणून कोणती चिठ्ठी किती वेळ टिकवायची हे नंतर ठरतं, चिठ्ठीच्या शेपटाकडे बसणारी प्रोटीन्स ठरवतात. याच्या आफ्रिकेतल्या भावाच्या, म्हणजे तिकडच्या ट्रिपॅनोसोमाच्या, अंगावर प्रोटीनचा कोट असतो, त्या कोटाची चिठ्ठी सीएफबी२ नावाचं प्रोटीन टिकवून धरतं. सर्राच्या जंतूलाही असाच कोट असतो आणि तो कोट बदलत राहतो, जुना कोट म्हशीच्या शरीराने ओळखला की जंतू मरतात, नव्या कोटाचे पुन्हा वाढतात, म्हणून ताप येतो जातो.

माणसाला सहसा होत नाही, आपल्या रक्तातलं एपीओएल१ प्रोटीन त्याला मारतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, त्याच्या रक्तात ते प्रोटीनच नव्हतं, औषधाने तो बरा झाला. म्हशीचं रक्त मात्र ताप चढलेला असतानाच काढायला सांगा, उतरल्यावर जंतू इतके कमी होतात की स्लाइडवर सापडत नाहीत.