माश्पी आणि नाउन्स हे दोन काचबेडूक एकसारखेच दिसतात, मग त्यांना वेगळ्या जाती का मानले जाते?

नुसत्या डोळ्यांनी हे दोन बेडूक वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. दोघेही जेमतेम २ सेंटिमीटर लांबीचे असून, पोपटी पाठीवर पिवळसर ठिपके आणि त्यांच्याभोवती गर्द नक्षी असते. उलटे करून पाहिल्यास पोटाच्या पारदर्शक त्वचेतून धडधडणारे लाल हृदय, पांढरे यकृत आणि मादी असेल तर हिरवट पांढरी अंडीही स्पष्ट दिसतात.

खरा फरक जनुकांत आहे. २०२२ मध्ये जीवशास्त्रज्ञ हुआन ग्वायासामिन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही जातींचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या डीएनएमध्ये ४ टक्क्यांहून अधिक तफावत आढळली होती. इतक्या सारख्या दिसणाऱ्या प्राण्यांमध्ये हे अंतर मोठेच म्हटले पाहिजे. दोन्ही जाती इक्वेडोरमधील अँडीज पर्वताच्या उतारांवर राहतात. माश्पी ग्वायाबाम्बा नदीच्या दक्षिणेला, तर नाउन्स उत्तरेकडील तोइसान डोंगररांगेत. दोन्ही ठिकाणांतील अंतर साधारण बोरिवली ते दादर एवढेच, परंतु मध्ये असलेले खोल नदीखोरे डोंगरातल्या ओढ्यांकाठी राहणाऱ्या या इवल्याशा जिवांना ओलांडता येत नसावे, असे मला वाटते.

दोन्ही जातींना संकटग्रस्त मानावे, अशी संशोधकांची शिफारस आहे. शेतीसाठी होणारी जंगलतोड आणि खाणकाम हे मुख्य धोके आहेत. म्हणूनच ‘दिसायला सारखेच, मग एकाच काठावरचे जंगल राखले तरी पुरे’ हा युक्तिवाद मला अत्यंत घातक वाटतो, कारण दुसऱ्या काठावरची जात त्यामुळे वाचणार नाही.