तुमचे प्रश्न: एकाच वर्गात इतक्या पद्धती चालतील का?

प्रश्न: ताई, सलाम. मी ख्रिस्ती शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे पहिल्यापासून पाठ्यपुस्तक, फळा आणि बायबलची वचनं पाठ करून घेणं हेच चालत आलंय. इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनची पद्धत वाचली, म्हणजे चांगलं पुस्तक एकदाच वाचायचं आणि मुलांनी ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, ती मला फार आवडली. शेजारच्या वर्गातल्या बाई माँटेसरी, म्हणजे मुलांनी वस्तू हाताळत शिकायची पद्धत, शिकून आल्यात. मुख्याध्यापिका म्हणतात की एक काय ते ठरवा, सरमिसळ केली की मुलं गोंधळतात. खरंच गोंधळतात का?

उत्तर: बाई, मुख्याध्यापिकांची काळजी रास्त आहे, पण एकच पद्धत धरायलाच पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही. बायबलमधल्या लूकचा 10वा अध्याय काढा, चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट, आणि या वेळी ती शिक्षिकेच्या नजरेनं वाचा. एक शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा जाणकार, येऊन येशूला विचारतो की सार्वकालिक जीवन मिळायला काय करू, तर येशू लगेच उत्तर देत नाही, उलट विचारतो की नियमशास्त्रात काय लिहिलंय. शास्त्री देवावरच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीची वचनं धडाधड म्हणून दाखवतो, म्हणजे पाठांतर झालेलं आहे आणि येशू त्याला बरोबर म्हणतो. मग शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? इथे येशू व्याख्या सांगत नाही, गोष्ट सांगतो, यरीहोची वाट, लुटारू, न थांबता निघून गेलेले याजक आणि लेवी (मंदिरातले पुरोहित आणि सेवक), जखमांवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस, उतारशाळेच्या मालकाला दिलेले दोन दीनार, इतक्या बारकाव्यांनिशी. गोष्ट संपल्यावर तात्पर्य पण सांगत नाही, विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण झाला, आणि उत्तर त्या शास्त्र्याच्या तोंडून येतं. शेवटी, जा आणि तूही तसंच कर. पाठांतर, गोष्ट, प्रश्न, कृती, सगळं एकाच बैठकीत, आणि प्रत्येक गोष्ट जिथे तिचं काम आहे तिथेच.

तेव्हा वर्गात आधी हे बघायचं की या धड्याला काय लागतं. पाढे, स्पेलिंग आणि वचन यांना रोजची घोकंपट्टीच लागते, तिथे कुठलीही सुंदर पद्धत तिची जागा घेऊ शकत नाही, आणि पाठांतर म्हटलं की नाक मुरडायची जी फॅशन आलीय ती मला पटत नाही. इतिहास, चरित्र, बायबलमधली गोष्ट, इथे मेसनबाईंचं कथन घ्या. भूमिती, अपूर्णांक, पान-फूल बघणं, इथे माँटेसरीसारखी हातात वस्तू द्या. आणि ख्रिस्ती शिक्षण म्हणजे एकच साचा असं कधी नव्हतंच, जेझुइट या कॅथलिक संघाच्या 1599च्या शिक्षण-नियमावलीत उजळणी आणि वादविवाद आहेत, मुलांना चित्रांतून लॅटिन शिकवणारं पुस्तक 1658मध्ये काढणारा कोमेनियस स्वतः बिशप होता, आणि रोममध्ये सोफिया कावालेत्तींनी 1954पासून माँटेसरीची पद्धत थेट धर्मशिक्षणात आणली, मुलं छोट्या लाकडी आकृत्या हलवत उत्तम मेंढपाळाचा दृष्टांत समजून घेतात.

आता मुलं खरी गोंधळतात कुठे ते सांगते. तुम्ही उतारा एकदाच वाचला, मुलगी उभी राहून सांगायला लागली, अडखळली, आणि तुम्ही मध्येच म्हणालात, अगं गाढवाचं राहिलं! मग ती थांबते आणि तुमच्या तोंडाकडे बघायला लागते, बाईंना काय हवंय ते शोधायला. तिला पूर्ण सांगू द्या, मग दुसऱ्या मुलाला विचारा की आणखी काही आठवतंय का. आणि कथन झाल्यावर लगेच रिकाम्या जागा भराची वर्कशीट देऊ नका, कारण दोन आठवड्यांत मुलांच्या लक्षात येतं की नीट ऐकायची गरज नाही, प्रश्न नंतर येतातच.

दुसरी अडचण बक्षिसांची. मेसन आणि माँटेसरी दोघींचाही मार्क-बक्षिसांवर शिकवणं चालवायला विरोध होता, कारण मूल हे जन्मतःच पूर्ण व्यक्ती आहे हे मेसनबाईंचं पहिलंच तत्त्व. सकाळी वचन म्हटलं की स्टिकर आणि दुपारी आनंदासाठी शिका म्हणायचं, हे एकत्र नांदत नाही. पद्धती कितीही घ्या पण मुलाकडे बघायची नजर दिवसभर एकच पाहिजे, देवानं आपल्या प्रतिरूपात घडवलेलं माणूस म्हणून. मुख्याध्यापिकांशी याच मुद्द्यावर बोला, आणि एका सत्रात एकच विषय बदलून दाखवा, सगळं एकदम नको.

प्रश्न: क्लासिकल पद्धतीत लहान मुलांना फक्त पाठांतर आणि मोठ्यांना तर्क असं असतं ना? मग ती दुसऱ्या पद्धतींबरोबर कशी बसणार?

उत्तर: सर, ते तीन टप्पे, आधी व्याकरण (म्हणजे पाया पाठ करणं) मग तर्क मग वक्तृत्व, इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947च्या ऑक्सफर्डमधल्या भाषणात मुलांच्या वयाशी जोडले. ते भर कशावर द्यायचा हे सांगतात, दारं बंद करत नाहीत. सात वर्षांचं मूल बायबलमधल्या, भावाला मारणाऱ्या काइनला शिक्षा का झाली हे विचारतंच, त्याला तर्काचं वय अजून आलं नाही म्हणून गप्प बसवायचं का? आणि नववीतल्या मुलालाही नवी सूत्रं पाठच करावी लागतात. त्यामुळे बसते, आरामात बसते.

प्रश्न: मुलाच्या वर्गात मेसनची नवीन पद्धत आलीय. वही कोरी, घरी येऊन नुसतं बोलतो. अभ्यास होतोय हे कळणार कसं?

उत्तर: त्याला विचारा, आज काय ऐकलंस ते मला सांग, आणि मध्ये बोलू नका. क्रम लागतोय का, माणसांची नावं येतायत का, एखादा शब्द पुस्तकातला जसाच्या तसा येतोय का ते ऐका. आलं तर अभ्यास झालाय. मेसनच्या पद्धतीत लेखी कथन साधारण दहाव्या वर्षापासून सुरू होतं, तोवर तोंडीच. पण गणिताची वहीसुद्धा कोरी असेल तर मात्र बाईंना जाऊन भेटा, ते या पद्धतीत बसत नाही.