संकटातही आशीर्वाद असतो असं ख्रिस्ती लोक म्हणतात, ते नेमकं कसं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आईच्या आजारपणात भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची काहीतरी योजना असेल', 'यातूनही आशीर्वादच होईल' असं सांगून जातो आणि तुम्हाला आता त्या सगळ्यांचा राग यायला लागलाय. आपला विश्वास कमी पडतोय का, असंही विचारलंय. नाही. राग रास्त आहे. मी जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलोय, रविवारची उपासना चुकवत नाही, तरी ही वाक्यं ऐकली की माझंही डोकं फिरतं.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी मोजून प्यायचं, वजन रोज लिहून ठेवायचं, पायावर सूज आली की अंगठा दाबून खळगा पडतोय का बघायचं. हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट टेकवलं की आत बारीक थरथर लागते. थरथर लागली म्हणजे रक्त वाहतंय, पुढच्या खेपेला सुई जाईल. आमच्या घरात सकाळच्या प्रार्थनेआधी ते बोट टेकवणं होतं. प्रार्थना मग त्यावरून ठरते.

तिचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, मंडळीत वजन असलेले गृहस्थ. प्रार्थना सभा चालवतात, वचनं तोंडपाठ, आवाज खणखणीत. डायलिसिस सुरू झाल्यावर ते घरी आले, तेल लावून प्रार्थना केली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ते सांगितलेलंच आहे. पण निघताना तिला म्हणाले, "आता तू बरी झालीस. येत्या रविवारी साक्ष दे." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं.

ती म्हणाली, "दादा, उद्या डायलिसिस आहे."

"आधी तोंडाने कबूल कर. शरीर मागून येतं."

मी मधे पडलो, आवाज चढले. आमचा वाद तिथे सुरू झाला आणि आजतागायत मिटलेला नाही.

साक्ष मात्र तिने दिली. उभी राहिली, चष्मा लावला, बायबल उघडलं आणि कसलीही प्रस्तावना न करता स्तोत्र 88 वाचलं. पहिल्या ओवीपासून अठराव्यापर्यंत. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे. हे घेत नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतोय, देव तोंड लपवतोय, मित्र दूर गेलेत, आणि शेवट अंधारात. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने साक्षीनंतरच्या गाण्यासाठी बोटं पट्ट्यांवर ठेवलेली होती. तो वाजवू की नको म्हणून पाळकांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, बघत राहिला. पाळक खाली बघत होते. ती म्हणाली, "देवाला मी हेच सांगते. तुम्हालाही सांगितलं," आणि जागेवर येऊन बसली.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, मंडळीचा विश्वास ढासळवलास.

इथे माझं मत स्पष्ट आहे. त्या सकाळी मंडळीत सगळ्यात जास्त विश्वास तिनेच दाखवला. स्तोत्रं 150 आहेत, त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश तक्रारीची, रडण्याची. ती पवित्र शास्त्रात कोणी चुकून ठेवलेली नाहीत. 88व्या स्तोत्रातला माणूस देवावर चिडलाय, पण बोलतोय देवाशीच. पाठ फिरवून गेलेला नाही. मला आशा दिसते ती तिथे. उद्याचा रिपोर्ट चांगला येईल ही अपेक्षा झाली. ती कधी पुरी होते, कधी होत नाही. रिपोर्ट वाईट आल्यावरही ज्याच्याकडे भांडायला जाता येतं असा कोणीतरी आहे, यावर माझी भिस्त आहे.

आता दादांची आवडती वचनं. पहिलं यिर्मया 29:11, 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत'. भेटकार्डांवर, कॅलेंडरांवर, मगांवर सगळीकडे छापलेलं असतं. बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातलं हे वचन. एक ओवी मागे जा. बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन, असं लिहिलंय. ते पत्र हाती पडलेल्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक तिथेच मरणार होते. आणि मधल्या काळात काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा. म्हणजे लवकर सुटकेचं आश्वासन नव्हतंच ते. तरीही ते आशेचं पत्र आहे, आणि मला तर त्यामुळेच जास्त खरं वाटतं.

दुसरं याकोब 1:2, परीक्षा आल्या की आनंद माना. आणि त्याच्या जोडीला रोम 5, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. ही वचनं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण रोमचं पत्र प्रेषित पौलाने लिहिलं तेव्हा त्याने फटके, दगड आणि तुरुंग सगळं सोसलेलं होतं. शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. असा माणूस संकटाला आशीर्वाद म्हणतो तेव्हा मी ऐकून घेतो. धडधाकट माणसाने पलंगाशेजारी उभं राहून दुसऱ्याच्या संकटाला आशीर्वाद म्हणायचं, हे मला शास्त्रात कुठे सापडत नाही. सापडतं ते उलटंच. लेकरं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. मग तोंड उघडलं, तुझंच काहीतरी पाप असेल म्हणून अध्यायच्या अध्याय सुनावले, आणि शेवटी देवाने त्यांच्यातल्या अलीफजाला सांगितलं की माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाशी वाद घालणारा बरोबर ठरला, देवाची वकिली करणारे चुकले.

दादा पंडिता रमाबाईंचंही उदाहरण देतात, एवढं सोसलं म्हणून एवढा आशीर्वाद. रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या हालात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि स्वतःच्या मृत्यूला वर्ष राहिलं नव्हतं तेव्हा 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. हिशेब कुठे जुळला? पण 1896-97च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या, कारण भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं. दुष्काळ हा आशीर्वाद आहे असं त्या मुलींना ऐकवत बसल्या नाहीत. आधी जेवायला घातलं. आशीर्वाद कसा येतो असं मला विचाराल तर हा असा येतो, कोणाच्या तरी हातून, आणि संकट तसंच शिल्लक ठेवून.

तुम्ही विचारलंत आशा टिकवायची कशी. पद्धत माझ्याकडे नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट मात्र वाचा, 1 राजे 19. तो झुडपाखाली पडून 'मला मरण दे' म्हणतो. देवदूत येतो, उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं बऱ्याच नंतर, डोंगरावर. आईसोबत रात्री जागत असाल तर आधी तुमची झोप भरून काढा. प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र 13 घ्या, सहाच ओव्या आहेत, 'किती वेळ' हा प्रश्न त्यात चारदा येतो.

आणि कोणीही, कितीही मोठा देवमाणूस असो, उपचार बंद करा म्हणाला तर त्याला दाराबाहेर काढा. इथे मी सौम्य होणार नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

हेही सांगायला हवं की मी पाळक नाही, शास्त्र शिकलेला नाही, आणि 'देवाची योजना' या शब्दांनी आधार मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या आईलाच ते शब्द बरे वाटत असतील तर माझं हे उत्तर तिच्यासमोर वाचू नका. रुग्णाने स्वतः म्हणणं वेगळं.

दादांवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट राहिली ती सांगतो. किडनी द्यायला सगळ्यांत आधी तेच तयार झाले. कोणी विचारायच्या आत. उपाशीपोटी रक्त द्यायला पहाटे दवाखान्यात हजर, बाही वर करून बसलेले. तपासणीत त्यांनाच मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी नाव काढून टाकलं. पार्किंगमध्ये बहिणीचा हात धरून रडले, वचनबिचन काही आठवलं नाही त्यांना. मी त्यांना कितीदा सांगितलं, दादा, साक्ष द्यायचीच तर ही द्या. ते म्हणतात, "त्यात काय सांगायचं? किडनी तर दिलीच नाही."