एलपार बनवताय? आधी हे बघा

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर पहिल्यांदाच एलपार (लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एकाच मशीनमध्ये वाटून केलेला वेगळा सर्व्हर) बनवताय ना, मग एक समजून घ्या, इथला हायपरवायझर (मशीन एलपारमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर) कुठल्या ओएसवर इन्स्टॉल करावा लागत नाही, तो फर्मवेअरमध्येच असतो, अख्खी मशीन एकाच एलपारला दिली तरी खाली तो चालूच.

नवीन माणूस अडकतो ते प्रोसेसरच्या हिशोबात. हायपरवायझर १० मिलिसेकंदांच्या विंडोत सीपीयू वाटतो, म्हणजे ०.५ एंटायटलमेंट (हक्काचा अर्धा प्रोसेसर) आणि एकच व्हर्च्युअल प्रोसेसर (एलपारला दिसणारा प्रोसेसर) असेल तर दर विंडोत ५ मिलिसेकंद नक्की तुमचे, पण तेच दोन व्हर्च्युअल प्रोसेसर केलेत तर प्रत्येकाला अडीचच, उगाच आकडा फुगवून स्पीड वाढत नाही हो! अनकॅप्ड (हक्कापेक्षा जास्त घ्यायची मुभा) ठेवलंत तर पूलमध्ये (सगळ्या एलपारच्या सामायिक प्रोसेसरांत) पडून असलेला सीपीयू वरून मिळतो, ओढाताण झाली की वेट (प्राधान्याचा आकडा) बघितलं जातं, ० ते २५५, डिफॉल्ट १२८. सगळ्यांनाच २५५ दिलंत तर मग उपयोग काय?

मेमरीत मॅक्झिममचा (चालू एलपारची मेमरी कुठवर वाढवता येईल तो) आकडा मोठा टाकायचा मोह आवरा. त्या आकड्यावरून हायपरवायझर पेज टेबलसाठी (मेमरीत काय कुठे आहे त्याची नोंद) जागा आधीच अडवून ठेवतो, वापरा नाहीतर नका वापरू. मी सुरुवातीला सगळ्या एलपारना ढीगभर मॅक्झिमम दिलं होतं आणि शेवटच्या एलपारला मेमरीच उरेना, अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो.

आणि हो, चालू एलपारमध्ये मेमरी, सीपीयू वाढवलंत की प्रोफाइलमध्येही (एलपारच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) सेव्ह करा, नाहीतर बंद करून जुन्याच प्रोफाइलने परत ॲक्टिवेट केलं की केलेलं सगळं गायब.