‘आपल्याकडे नुसत्या बाटल्या भरतात’: बार्शीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी झाली, गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळेल एवढे गुण नाहीत, पण त्याचं तिला फारसं वाईट वाटलेलं नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनानं आजोबा गेले तेव्हा ती सातवीत होती आणि तेव्हापासून एकच विचारते: ‘लस निघाली होती, मग आजोबांना का मिळाली नाही?’ तिला लशींवर काम करायचंय. त्यात एक एजंट घरी येऊन सांगून गेला की खरं संशोधन अमेरिका-युरोपात होतं, आपल्याकडे नुसत्या बाटल्या भरतात, तेव्हा चाळीस लाख उभे करा आणि पदवी झाली की पोरीला तिकडे एमएसला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, पाठवा. त्यासाठी द्राक्षबागेतले दोन एकर आत्ताच विकायला काढावेत का, असं तुम्ही विचारलंय.

नका काढू. कारण पुढे सांगते, पण आधी ते बाटल्यांचं वाक्य तपासू. तुमच्या घरातला निर्णय त्याच वाक्यावर अडलाय.

त्यात काही खरं आहे. तुम्ही-आम्ही घेतलेली कोव्हिशील्ड पुण्यात बनली, पण तिची घडण ऑक्सफर्डची. तिथल्या सारा गिल्बर्ट यांच्या गटानं त्याच वाहक विषाणूवर, म्हणजे लशीचा भाग शरीरात नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूवर, मर्स नावाच्या आजारासाठी आधीच काम करून ठेवलं होतं. फायझरच्या लशीमागे जर्मनीतल्या माइन्झची बायोएनटेक आणि त्याच्याही मागे अमेरिकेत कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेलं एमआरएनएवरचं, म्हणजे पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या रेणूवरचं, संशोधन. त्याचं नोबेल त्यांना २०२३मध्ये मिळालं. हाती काय लागेल याची खात्री नसताना अशा कामाला वर्षानुवर्षं पैसा पुरवण्याची सोय तिकडे जास्त आहे, आपल्याकडे कमी. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं. लस हैदराबादच्या भारत बायोटेकनं घडवली. पद्धत मात्र जुनी, विषाणू निष्क्रिय करून टोचण्याची, आणि लशीचा परिणाम वाढवणारा घटक अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या एका छोट्या कंपनीचा. हे मुलीपासून लपवू नका.

पण प्रत्येक प्रदेशानं आपल्यापुढची अडचण पाहून संशोधन केलं, हे एजंटानं सांगितलं नाही. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. तुमच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तसा फ्रीझर असतो का? म्हणून पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या जेनोव्हा कंपनीनं एमआरएनए लस भुकटीच्या रूपात आणली, जी साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकते. तिला जून २०२२मध्ये परवानगी मिळाली. अहमदाबादच्या झायडसच्या, सुईशिवाय द्यायच्या डीएनए लशीला ऑगस्ट २०२१मध्ये मिळाली होती. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस. क्यूबावर अमेरिकेचे निर्बंध, लोकसंख्या तेव्हा जेमतेम एक कोटी दहा लाख, पण १९८०च्या दशकापासून त्यांनी स्वतःच्या जैवतंत्रज्ञान संस्था उभ्या केल्या होत्या. त्यांनी सोबेराना आणि अब्दाला या प्रथिनावर आधारलेल्या लशी घरीच बनवल्या आणि सप्टेंबर २०२१मध्ये दोन वर्षांपुढच्या मुलांनाही टोचायला सुरुवात केली.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तर मुलीला बसवून सांगा. तिथे कोरोना विषाणूचा बीटा नावाचा नवा प्रकार पसरला होता. ऑक्सफर्डचीच लस, सुमारे दोन हजार लोकांवर चाचणी, आणि निष्कर्ष असा की बीटाच्या सौम्य-मध्यम आजारापासून ती जवळजवळ वाचवत नव्हती. फेब्रुवारी २०२१मध्ये त्या सरकारनं ती लस देणं थांबवलं. ब्रिटनमध्ये चालली म्हणून इथेही चालेल असं धरून बसले असते तर? त्या त्या मातीतल्या चाचण्यांना म्हणून मोल असतं. आपल्याकडे पुण्याजवळच्या वढू इथे केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र गावपातळीवर असंच काम करतं.

आता बाटलीकडे येते, कारण ‘नुसत्या’ हा शब्द मला फार खटकला. १८९७च्या जानेवारीत, प्लेगच्या साथीत, वाल्डेमार हाफकिन या जीवाणूशास्त्रज्ञांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. लस चांगली होती. पण १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, प्रयोगशाळेत नव्हे, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाटली निर्जंतुक ठेवणं, प्रत्येक बॅच तपासणं आणि तोच दर्जा कोट्यवधी डोसांत टिकवणं हे अस्सल विज्ञान आहे, आणि त्यात पुणे-हैदराबादची माणसं जगात कुणाला हार जात नाहीत.

एक कटू गोष्टही तिला कळू द्या. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे हजारो माणसांवरच्या, चाचणीचा परिणामकारकतेचा निष्कर्ष हाती नव्हता. पुढे तो ७७.८ टक्के असा प्रसिद्ध झाला, चांगला आला. तरी आधी परवानगी आणि मग पुरावा हा क्रम मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. रशियानं स्पुटनिकच्या बाबतीत तेच केलं होतं. आकडे तपासणारी, ‘थांबा, अजून पुरावा नाही’ असं म्हणू शकणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. मुलीचा कल आकडेमोडीकडे असेल तर संख्याशास्त्रातूनही लशींच्या कामात शिरता येतं. पण गणित सोडलंय म्हणता, तेव्हा तो विचार जपून करा.

आता वाट. आयसर पुणे, म्हणजे तिथली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, तिची पाच वर्षांची बीएस-एमएस ही पहिली पसंती. तिच्या प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, जीव आणि गणित या चारही विषयांवर सारख्याच संख्येनं प्रश्न असतात, म्हणजे गणिताची तयारी वेगळी करावी लागेल. एक वर्ष गेलं तरी चालेल. ते नको असेल तर सोलापूर-पुण्याकडे सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करावी. त्यानंतर एनआयव्हीमध्येच चालणारी, पुणे विद्यापीठाची विषाणूशास्त्रातली एमएस्सी आहे, किंवा जीएटी-बी परीक्षा देऊन जैवतंत्रज्ञानातली एमएस्सी. नुसत्या बीएस्सीवर लस कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. हे आधीच सांगते, नंतर वाईट वाटायला नको.

आणि जमिनीबद्दल. परदेशात एमएस बहुतेकदा स्वतःच्या खर्चानं करावी लागते. पीएचडीचं तसं नाही. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला साधारणपणे फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. जर्मनीतही पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सहसा पगार किंवा शिष्यवृत्ती असते. इथे राहून नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळवली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. म्हणजे इथे एमएस्सी, किंवा पाच वर्षांचा तो अभ्यासक्रम, चांगला करून, एखाद्या प्रयोगशाळेत दोन वर्षं प्रत्यक्ष काम करून ती बाहेर गेली, तर तिच्या शिक्षणाचा खर्च तिकडचं विद्यापीठ करेल. बाग तुमचीच राहील.

शेवटी तिच्या प्रश्नाकडे येते. आजोबांना लस का मिळाली नाही, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडायचं नाही. लस निघाली होती, पण त्या महिन्यांत उत्पादन गरजेच्या मानानं फार कमी होतं. आपण निर्यात रोखली तरी आपल्याला पुरली नाही आणि आपल्या डोसांवर विसंबलेले आफ्रिकेतले देश ताटकळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केपटाऊनमध्ये एमआरएनए लशीचं केंद्र उभं राहू लागलं. एमआरएनए लस बनवणाऱ्या मॉडर्ना या अमेरिकी कंपनीनं तंत्र दिलं नाही, तर तिथल्या आफ्रिजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी उघड उपलब्ध असलेल्या माहितीवरून लस स्वतः घडवून पाहिली.

म्हणून तिला विचारा: लस कशी शोधायची हे तिला जास्त खुणावतं, की शोधलेली लस सगळ्यांपुरती कशी बनवायची आणि पोहोचवायची हे? पहिलं असेल तर आयसर, विषाणूशास्त्र, पीएचडी. दुसरं असेल तर उत्पादनाचं तंत्रज्ञान किंवा सार्वजनिक आरोग्य, आणि ती यादी मी वेगळी पाठवेन. या वेळी पत्र तुम्ही लिहिलंत, पुढचं तिला स्वतःच्या हातानं लिहू द्या. मी वाट पाहते.

तुमची,
करिअर मार्गदर्शक