नवीन बॅटरी टाकली तरी गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही, करंट कुठे जातोय ते कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ नुसता टकटक करतो, चार महिन्यांत दुसरी बॅटरी झाली आणि आता मेकॅनिक तिसरी घ्या म्हणतोय. कृपा करून तिसरी घेऊ नका. माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं, मीही एक चांगली बॅटरी उगाच बदलली आणि पाचव्या दिवशी परत शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्प स्टार्ट करायची वेळ आली.

आधी बॅटरी खराब आहे का गाडी बॅटरी खातेय एवढं वेगळं करा. बॅटरी चार्जरवर फुल करा, दोन-तीन तास तशीच ठेवून व्होल्टेज बघा, १२.६ च्या आसपास हवं. मग निगेटिव्हची वायर काढून (बहुतेक १० नंबरचा पाना लागतो) रात्रभर ठेवा आणि सकाळी परत मोजा. वायर काढलेली असूनही ती चांगलीच खाली आली तर बॅटरीतच दोष आहे, वॉरंटी मागा. तेवढीच राहिली तर बॅटरीला बोल लावू नका, गाडीत कुठेतरी लीकेज आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्जिंग करतोय, नवीन काही गाड्यांत हे कमी-जास्त होत राहतं. पण मेकॅनिक गाडी चालू ठेवून टर्मिनल काढून दाखवायला लागला तर त्याला हात लावू देऊ नका, ती जुन्या गाड्यांची सवय आहे, आत्ताच्या गाडीत व्होल्टेज उडून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. तसंच टर्मिनल टेकवून ठिणगी पडली म्हणजे शॉर्ट आहे हेही खरं नाही, वायर लागल्या लागल्या सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) जागी होतात त्यामुळे चांगल्या गाडीतही ठिणगी पडते.

आता खरं काम. डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) घ्या, तुम्ही पुण्यात आहात तर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधा मिळून जाईल, फक्त त्यात १० अँपिअरचं सॉकेट असलं पाहिजे. लाल वायर त्या १० अँपिअरच्या भोकात घाला. गाडी बंद, चावी बाहेर, आणि स्मार्ट की असेल तर ती वर घरातच ठेवून या कारण ती जवळ असली की गाडी झोपतच नाही. दार उघडं ठेवून दाराच्या लॉकमधली ती वळणारी जीभ स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बसवा म्हणजे गाडीला दार बंद वाटतं, आणि नंतर दार लावायच्या आधी हँडल ओढून ती सोडवायला विसरू नका नाहीतर लॉक आपटून वाकेल. मग निगेटिव्हची वायर काढा, मीटरची एक पिन त्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत इग्निशन ऑन करायचं नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. अर्धा तास थांबा, काही गाड्यांना अजून जास्त लागतो. या थांबण्यातच लोक चुकतात, पाच मिनिटांत दीड अँपिअर बघतात आणि सगळी वायरिंग उसवायला घेतात. सगळं झोपल्यावर ०.०२ ते ०.०५ म्हणजे २० ते ५० मिलिअँपिअर एवढं चालतं, घड्याळ आणि सेंट्रल लॉकिंगला तेवढं लागतंच.

माझ्या मीटरवर ०.३८ वर येऊन आकडा अडकला होता. २४ तासांत ९ अँपिअर-अवर झाले, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे दोन दिवसांत अर्धी रिकामी. साधा ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ घेतो त्यामुळे मला पक्कं वाटलं की डिकीचा नाहीतर ग्लोव्हबॉक्सचा दिवा चालू राहतोय. मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो आत ठेवला आणि झाकण लावलं, दोन्हीकडे मिट्ट काळोख. तुम्हीही हे करून बघा, फार सोपं आहे.

मग फ्यूज. एकेक फ्यूज उपसून आकडा बघतात ते चालतं, पण परत बसवला की काही मॉड्यूल जागी होतात आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा बॅटरी नेहमीसारखी जोडा, गाडी झोपू द्या, मीटरची लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घालून मिलिव्होल्टवर लावा आणि फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके असतात त्यांना दोन पिना टेकवा. शून्य म्हणजे तिथून करंट जात नाही. मी पंधरा-सोळा फ्यूज बघितले, सगळे शून्य किंवा जवळपास, आणि आतल्या लाइट-रेडिओच्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर दीड-दोन मिलिव्होल्ट दिसले. मग मीटर परत आधीसारखा बॅटरीच्या निगेटिव्हला अँपिअरवर लावून तो फ्यूज उपसला तर ०.३८ चे थेट ०.०२. त्या क्षणी जो जीव हलका झाला तो सांगता येत नाही, सहा आठवड्यांचा त्रास होता.

त्या एका फ्यूजवर छतातला दिवा, घड्याळ आणि स्टिरिओ असे तिघे होते. स्टिरिओ बाहेरून बसवलेला, तो बाहेर ओढून कनेक्टर काढला आणि आकडा पडला. मागे बघितलं तर पिवळी वायर (ही कायम बॅटरीवर असते, मेमरीसाठी) आणि लाल वायर (ही चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी) दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. म्हणजे डिस्प्ले बंद दिसायचा पण आत स्टिरिओ रात्रभर जागाच. लाल वायर वेगळी करून इग्निशनच्या लाइनवर नेली, बास, एवढंच.

म्हणून तुम्हाला सांगतो, गाडी घेतल्यानंतर बाहेरून जे जे बसवलंय ते आधी बघा, स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा. एखादा चिकटलेला रिले (करंटने चालणारा स्विच) पण असतो, गाडी रात्रभर उभी असून तो सकाळी हाताला कोमट लागतो. उंदरांनी बॉनेटखाली वायर कुरतडल्यात का तेही बघा.

सगळे फ्यूज बघूनही कुठेच काही सापडलं नाही तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असू शकतो, तो करंट फ्यूजबॉक्समधून जातच नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवून तिचं टोक नीट टेपने गुंडाळा आणि परत मीटर लावा. आकडा पडला तर अल्टरनेटर खोलावा लागेल, आणि हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या कारण ती वायर चुकून बॉडीला लागली तर आग लागू शकते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर यातलं काहीच घरी करू नका.

आणि दोष सापडला तरी आत्ताची बॅटरी लगेच टाकून देऊ नका, इतक्यांदा उतरलीये तर तिला चार्जरवर रात्रभर सावकाश चार्ज करा, ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटं गाडी चालवून ती भरत नाही. तुमचं रीडिंग आलं की आकडा आणि फ्यूजवरचं नाव इथे लिहा, बघून सांगतो.