इंदूरजवळ गिधाडं इतकी कमी का झाली? औषधामुळे, हे खरंच सिद्ध झालंय का?

हो, अगदी पक्कं. देवगुराडियाकडे घिरट्या घालणारे थवे आपल्या आजोबा-काकांनी पाहिलेत. आधी संशय विषाणूवर होता. पण मेलेली गिधाडं उघडली की हृदय, यकृतावर खडूसारखा पांढरा थर दिसायचा: मूत्रपिंड निकामी होऊन साठलेलं युरिक आम्ल. 2004 मध्ये पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स यांच्या चमूने पाकिस्तानात कोडं सोडवलं. अशा प्रत्येक पक्ष्यात डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध सापडलं, आणि औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलेली गिधाडं तशीच मेली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) मेलेल्या शंभर जनावरांत एखाद्यात ते असलं तरी एवढी घट व्हायला पुरे. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 दरम्यान 99.9 टक्के घटली.

भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. पर्यायी मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलं. ॲसिक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक मात्र गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून 2023 मध्ये त्यावर आणि किटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावरही बंदी आली. भोपाळला केरव्यात प्रजनन केंद्र आहे, पण पिल्लू वर्षाला एकच, तेव्हा संख्या लगेच वाढेल अशी अपेक्षा नको. घरी गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमच द्यायला सांगा.